सांघिक सामन्यांतील शिस्त व गुरुजनांविषयी आदर

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या विद्यार्थ्यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. हा पराक्रम सर्वांस ठाऊक आहे; त्यातील बोध क्वचितच सांगितला जातो. डाव घोषित करण्याची खूण सहायक मार्गदर्शक सीमेबाहेरून करीत होते. मुलांनी तिकडे पाहण्याचेच टाळले. अखेर गुरू रमाकांत आचरेकर यांची आज्ञा दूरध्वनीवरून झाली. कांबळी तेव्हा ३४९ धावांवर होता. एकच धाव हवी होती. तरी डाव घोषित झाला. पुढे त्यानेच प्रतिपक्षाचे ६ गडी बाद केले.

खेळाच्या भरात खूण न पाहणे हा बालस्वभाव आहे; केवळ धाकाने तो पालटत नाही. गुरूवर विश्वास असला, म्हणजे नावडती आज्ञाही पाळली जाते. यास्तव हिमायतनगर परिसरातील शिक्षकांनी खो-खो वा कबड्डीचा संघ नेण्यापूर्वी खुणा ठरवाव्यात, त्यांची कारणे मुलांस समजावून द्यावीत व पंचांशी संघनायकानेच बोलावे, असा दंडक घालावा. मात्र पंचांच्या निर्णयावरून शिक्षकानेच मैदानात वाद घातला, तर मुलांस आदर शिकविण्याचा अधिकार त्यास उरत नाही.