घरापुढचे कुंपण : दुरंगी पानांचा डुरांटा



आडसाली लागणीची घाई सरली की वस्तीवरच्या घराभोवती काहीतरी लावावे, असे पुष्कळांच्या मनात येते. तारेचे कुंपण महाग पडते, काटेरी फांद्यांची वई दरसाल नव्याने घालावी लागते. म्हणून रोपवाटिकेतून हिरव्या-पांढऱ्या किंवा हिरव्या-पिवळ्या पानांची झुडपे आणण्याकडे कल वाढला आहे. त्यांतला आपल्या हवेत सहज येणारा डुरांटा. याच कामासाठी थंड मुलखात चीनमधले प्रिव्हेट लावतात. दोन्हींची निगा पुष्कळशी सारखीच आहे.

हा केवडा नव्हे

चुनखडीच्या रानात उसाची पाने पांढरी पडली की आपण म्हणतो, केवडा पडला. तिथे पिकाला लोह मिळत नाही, म्हणून आपण हिराकस देतो. डुरांट्याच्या पानाची पांढरी कड ही उपासमार नव्हे, तो त्या जातीचा गुणच आहे. त्यावर हिराकस मारून पैसे घालवू नयेत.

मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे तो भाग अन्न तयार करीत नाही. म्हणून दुरंगी झाड साध्या हिरव्या झाडापेक्षा सावकाश वाढते. मधूनच एखादा फुटवा निखळ हिरवा येतो. तो जोमाने वाढतो आणि दोन-तीन वर्षांत सगळे झुडूप हिरवे करून टाकतो. असा फुटवा दिसला की शेंडा खुडून भागत नाही, तो बुडापासून काढावा.

रोपे घरीच करा

को. ८६०३२ चे बेणे लावले की को. ८६०३२ च उगवतो. इथेही तोच न्याय. बियापासून केलेल्या रोपांत दुरंगी पानांचा भरवसा नाही, म्हणून फाटेच लावावेत. पावसाळ्याच्या तोंडाशी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे, चांगल्या रंगाच्या फांदीचे फाटे घ्यावेत. खालची पाने काढून दोन डोळे मातीत जातील असे पिशवीत खोचावेत. सावलीत ठेवून ओल टिकवावी, पण चिखल करू नये. साधारण महिना-दीड महिन्यात मुळ्या धरतात.

किती रोपे लागतील?

घराभोवतीची जागा एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद धरली, तर चारी बाजू मिळून १३२ फूट होतात. फाटकासाठी १२ फूट सोडले की राहिले १२० फूट. फुटाला एक रोप धरल्यास सुमारे १२० रोपे पुरतात. मर धरून दीडशे फाटे लावावेत.

दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर काढून त्यात माती, शेणखत व चांगले कुजलेले प्रेसमड भरावे. ताजे गरम प्रेसमड घालू नये, मुळ्या भाजतात. जागा उन्हाची असावी, सावलीत पानांचा रंग फिका पडतो. पाणी साचू देऊ नये.

छाटणी

रोप फूटभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बुडातून फुटवे येतात. पुढे कुंपणाचा आकार खाली रुंद, वर अरुंद ठेवावा. वरचा भाग पसरट झाला तर खाली ऊन पोचत नाही, बुडखा उघडा पडतो आणि कोंबड्या-कुत्र्यांना वाट मोकळी होते.

सर्वांत महत्त्वाचे

डुरांट्याला निळसर फुले आणि मग पिवळी, मण्यांसारखी फळे येतात. ही फळे विषारी आहेत. पाने खाणेही धोक्याचे. अंगणात खेळणाऱ्या लेकरांना ते मणी खाऊसारखे दिसतात, हे विसरू नका. फुले नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, म्हणून वेळच्या वेळी छाटणी केली की फळे धरतच नाहीत. छाटणी ही नुसती शोभेची बाब नव्हे, ती घरातल्या पोरांची राखण आहे. तरीही एखाद्याने फळ खाल्लेच, तर तोंड पुसून काढावे, घरच्या घरी ओकारी काढू नये, आणि झाडाची डहाळी बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत. हंगामात दावणीला वाढे पडलेले असतात, त्यात चार डहाळ्या मिसळल्या तर जनावर निवडून खाईलच असे नाही. फांद्या जनावरे पोचणार नाहीत अशा खड्ड्यात पुराव्यात.

पक्षी ही फळे खाऊन बी लांबवर टाकतात. चिनी प्रिव्हेट अमेरिकेच्या दक्षिण भागात असेच बागेतून रानात शिरले आणि तिथे तण होऊन बसले. ओढ्याकाठी, बांधावर हे झाड पसरू देऊ नये.

शेताच्या बांधाला काय?

डुरांटा घरापुढे शोभतो, पण रानडुकराला तो अडवीत नाही. शेताच्या कडेला करवंद किंवा चिलारीसारखे काटेरी झाडच बरे. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला विचारूनच लावावे. रोप दहा रुपयांचे आणि तंटा दहा वर्षांचा, असे होऊ नये.