दाब उतरला म्हणून गोळी सोडू नये

आपल्याकडे म्हणतात, "त्याच्या अंगावरून वारं गेलं." कोणी लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू म्हणतात. डॉक्टर पक्षाघात म्हणतात. नावे निराळी, पण दुखणे एकच. तोंड वाकडे होते. एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. बोलणे बोबडे होते.

पण हे काम वाऱ्याचे नव्हे. बिघाड होतो तो मेंदूत. तो कसा होतो, आणि माणूस त्यातून पुन्हा कसा उठतो, ते आज आपण पाहू.

शेतातला पाट आपल्या ओळखीचा आहे. पाटात गाळ अडला, की पुढच्या वाफ्याला पाणी मिळत नाही. पाट फुटला, तरी मिळत नाही. मेंदूतही असेच होते. रक्ताची गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद होते, नाही तर रक्तवाहिनी फुटते. बहुतेकांच्या बाबतीत गुठळीच अडकते. मग मेंदूच्या त्या भागाला रक्त मिळत नाही. तो भाग मरू लागतो.

म्हणून वेळ दवडू नये. लगेच 108 नंबरला फोन करावा. गुठळी विरघळवणारे औषध आहे, पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. त्याआधी डोक्याचा फोटो, म्हणजे सी.टी. स्कॅन, काढावा लागतो. गुठळी अडली की रक्तवाहिनी फुटली, हे बाहेरून कळत नाही. म्हणून घरी कोणतीही गोळी देऊ नये. पाणीही पाजू नये. गिळता येत नसेल, तर ते फुप्फुसात जाते. कबुतराचे रक्त चोळण्यात वेळ घालवू नये. त्रास किती वाजता सुरू झाला, तेवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आता रक्ताच्या दाबाचे पाहू. दाब दोन आकड्यांत सांगतात. 120 आणि 80 हा चांगला दाब. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा. खालचा आकडा ते सैल होते तेव्हाचा. दवाखान्यात पुन्हा पुन्हा मोजून वरचा 140 किंवा खालचा 90 भरला, अगर त्याहून जास्त भरला, तर दाब वाढला असे समजतात. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. माणूस शेतात राबत असतो, आणि आत रक्तवाहिन्या खराब होत असतात.

दाब दिवसभर सारखा नसतो. झोपेत उतरतो. सकाळी चढतो. रागाने चढतो, दुखण्याने चढतो, तंबाखूने चढतो. लघवी तुंबली तरी चढतो. पक्षाघाताच्या पहिल्या काही दिवसांत तर तो बराच वर असतो. गुठळी अडली असेल, तर डॉक्टर तो पुष्कळदा एकदम खाली आणत नाहीत. घरच्या माणसांना वाटते, डॉक्टरांचे लक्ष नाही. तसे नसते. पाटात गाळ असताना पाण्याचा जोर एकदम कमी केला, तर टोकाचा वाफा वाळेल. मेंदूचेही तसेच आहे.

समजा, एका घरचे आबा दवाखान्यातून घरी आले. महिन्याने उपकेंद्रात दाब मोजला. 128 आणि 80 भरला. सुनेला आनंद झाला.

"बाई, आता दाब बरा झाला. गोळी बंद करू ना?"

नर्सबाई म्हणाल्या, "अगं, बांध घातलाय म्हणून ओढ्याचं पाणी शेतात येत नाही. पाणी आलं नाही म्हणून बांध कुणी फोडतं का? दाब गोळीनंच खाली राहिलाय."

"मग एखाद्या दिवशी 160 भरला तर? दोन गोळ्या देऊ?"

"नको. आबांना पाच मिनिटं स्वस्थ बसव. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. बोलू देऊ नको. मग पुन्हा मोज आणि वहीत लिही. एका आकड्यावर डॉक्टर औषध बदलत नाहीत. आठवडाभराचे आकडे बघतात."

"उठताना त्यांना घेरी येते."

"उभं राहिल्यावर दाब एकदम उतरत असेल. आधी खाटेच्या कडेला बसव. दोन मिनिटांनी उभं कर. तरी घेरी येत असेल, तर डॉक्टरांना सांग. गोळी कमी-जास्त तेच करतील."

नर्सबाईंनी सांगितलेले आपणही करू. वहीत चार रकाने आखू : तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. आपल्याला आता लिहिता येते. ही विद्या इथे कामी येईल. एकदा वारे गेलेल्या माणसाला पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो. दुसऱ्या वेळी अंग आणखी जाते, कधी जीवही जातो. तो धोका रोजच्या गोळीने पुष्कळ कमी होतो. सरकारी आरोग्य केंद्रात दाब मोजून मिळतो आणि गोळ्याही मिळतात.

मीठ माणशी दिवसाला चहाच्या एका चमच्याहून कमी असावे. लोणचे-पापडातले मीठही त्यात धरावे. विडी, तंबाखू, मिश्री आणि दारू सोडावी.

गेलेले अंग परत येते का? मेंदूचा मेलेला भाग जिवंत होत नाही. पण शेजारचा भाग त्याचे काम शिकतो. आपण मोठेपणी अक्षरे शिकलो. आधी हात वळत नव्हता. तेच अक्षर शंभरदा गिरवले, तेव्हा वळला. लुळ्या हाताचेही तसेच आहे. वाटी धरणे, बोटे उघडणे, उभे राहणे हे रोज गिरवावे लागते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर होते. पुढे ती सावकाश होते, पण थांबत नाही.

लुळा हात धरून माणसाला ओढू नये. खांदा निखळतो. पडून असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी. जेवताना ताठ बसवावे. जे त्याला जमते, ते त्याचे त्यालाच करू द्यावे. बोलता येत नाही, म्हणून समजत नाही असे मानू नये. "आता यांचं काही खरं नाही," असे त्याच्यापुढे बोलू नये. तो सारे ऐकत असतो. फार उदास राहिला, सारखा रडू लागला, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यालाही औषध आहे.

सांगा पाहू :
1. पक्षाघात झालेल्या माणसाला घरी पाणी का पाजू नये?
2. दाब मोजण्याआधी माणसाला कसे बसवावे?
3. दाब 128 आणि 80 भरला. गोळी बंद करावी का? का करू नये?
4. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांचा दाब मोजून घ्या व वहीत लिहा.