भूकंप, अणुभट्टी आणि कोरे दप्तर

चाकणचा किल्ला १६६० साली शाहिस्तेखानाशी झुंजला, हे आपण कागदपत्रांवरून सांगतो. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे मानण्याकडे आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा कल असतो. अणुवीजकेंद्राची जागा पारखणाऱ्या भूकंपशास्त्रज्ञाला ही सवय परवडत नाही.

कोयना धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणातील यंत्राने ६३ टक्के नोंदवला. धरण तडकले, पण टिकले. किल्लारी तर नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. १९९३ साली तेथे हजारो माणसे झोपेतच गेली.

अणुकेंद्रात नुसती इमारत टिकून भागत नाही. भट्टी थांबली तरी इंधन तापतच राहते. ते निववणारे पंप व नळ शाबूत हवेत. फुकुशिमात २०११ साली लाटेने पंपांची वीजच हिरावली.

त्याच वर्षी रॉजर बिल्हॅम व विनोद गौर यांनी नियोजित जैतापूर प्रकल्पाविषयी लिहिले: तेथील खडकांवर कोयना-किल्लारीसारखाच दाब आहे, तेव्हा शक्यता अल्प असली, तरी तसा भूकंप प्रकल्पाखालीच होऊ शकेल. अशा प्रदेशात दोन मोठ्या धक्क्यांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. आपली दप्तरे काही शतकांची. जवळ सक्रिय भ्रंश, म्हणजे खडकाची सरकती चीर, नाही, हे सरकारी तज्ज्ञांचे उत्तर मला अपुरे वाटते. किल्लारीचा भ्रंश तरी आधी कोणाला ठाऊक होता?

तेथे नंतर खंदक खणून मातीचे थर तपासले गेले. कोणता थर तुटला आहे व कोणता त्यावर अखंड पसरला आहे, हे पाहायचे. जमीन हलली ती या दोहोंच्या मधल्या काळात.