खात्याचे नाव बदलू पाहणाऱ्या भाचीस

भाईंदर (पश्चिम)



तुझा मजकूर पोहोचला. नव्या लॅपटॉपच्या 'सी' ड्राइव्हवर 'यूझर्स' या फोल्डराच्या पोटात तुझ्या खात्याचा जो फोल्डर आपोआप निर्माण झाला, त्यावर तुझे नाव अर्धवट पडले आहे. मीरा रोडच्या कचेरीतून अशिलांना आपला पडदा दाखविताना ते तुटके नाव प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत सर्वांच्या दृष्टीस येते. आणि म्हणून येत्या रविवारी त्या फोल्डरावर माउसची उजवी कळ दाबून ते एकदाचे दुरुस्त करून टाकावे, असा तुझा मनोदय तू कळविला आहेस. मनोदय रास्त आहे. स्वतःचे नाव पुरते आणि शुद्ध लिहिलेले असावे ही इच्छा क्षुल्लक मानणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या यंत्रासमोर दिवसाचे आठ-दहा तास बसावयाचे, त्याने आपल्याला नीट नावाने ओळखावे, एवढी अपेक्षा करण्याचा हक्क कोणालाही आहे. परंतु तू योजलेली रीत मात्र धोक्याची आहे, तेव्हा रविवारी हात घालण्यापूर्वी हे पत्र शेवटपर्यंत वाच, अशी माझी तुला आग्रहाची सूचना आहे.

प्रथम हे झाले कसे ते समजून घे. पहिल्या दिवशी यंत्र सुरू करताना तू आपला ई-मेलचा पत्ता देऊन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केलास. अशा वेळी विंडोज तुझे नाव-आडनाव विचारात घेत नाही. पत्त्याच्या आरंभीचे पाच रोमन वर्ण घेते, त्यांचाच फोल्डर उघडते, आणि पत्त्याचे उरलेले वर्ण गाळून टाकते. ही नोंद खात्यात पहिल्यांदा प्रवेश होतो त्या क्षणी एकदाच होते. पुढे तू खात्यावरचे नाव कितीही वेळा बदललेस, तरी स्वागताच्या पडद्यावर नवे नाव झळकेल, फोल्डर मात्र जुन्याच नावाने राहील. तुला यात यंत्राचा बिघाड वाटला, तसा तो नाही. दर्शनी नाव, खात्याची खरी ओळख आणि फोल्डराचा पत्ता या तीन बाबी विंडोजच्या दप्तरी मुळातच निरनिराळ्या ठेवलेल्या आहेत.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात सातबाराचे उतारे लिहिण्यात आणि तपासण्यात गेली, त्यामुळे हा प्रकार मला आपल्या शहराच्या जमिनींवरून चटकन समजला, आणि तुलाही तसाच समजेल. आपले हे मीरा-भाईंदर म्हणजे मिरे, नवघर, खारी, गोडदेव अशा गावांची शेते आणि खाडीकाठची मिठागरे. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि त्या दरम्यान व त्यानंतर शेतांवर इमारती उठल्या. आज त्यांतल्या कित्येक इमारतींच्या दारावर गृहनिर्माण संस्थेचा ठळक फलक आहे, सभासद वर्षानुवर्षे मालमत्ता कर भरीत आहेत, वहिवाट निर्विवाद आहे. आणि तरीही जमिनीचा सातबारा काढला तर कबजेदार म्हणून नाव निघते ते मूळ शेतकऱ्याचे अथवा त्याच्या वारसांचे. १९६३ च्या सदनिका कायद्यान्वये संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत विकासकाने जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यावयाचे असते. ते त्याने केले नाही म्हणजे संस्थेला सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो, त्यांच्या आदेशानंतर दस्त नोंदवावा लागतो, मग तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावरच सातबारावरचे नाव बदलते. फलक रंगविणे एका दुपारचे काम आहे. दप्तर बदलण्यास हा सारा क्रम पाळावा लागतो, आणि जी संस्था तो पाळीत नाही तिला पुनर्विकासाच्या वेळी त्याची झळ लागते.

विंडोजचे असे दप्तर म्हणजे रजिस्ट्री. तिच्यात 'एचकी लोकल मशीन' पासून 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज एनटी', 'करंट व्हर्जन' असे उतरत गेले म्हणजे 'प्रोफाइल लिस्ट' या नावाची नोंदवही लागते. तिच्यात तुझे नाव शोधू नकोस. तेथे प्रत्येक खात्यापुढे 'एस-१-५-२१' असा आरंभ असलेला एक लांबलचक क्रमांक आहे. तोच त्या खात्याचा कायम क्रमांक होय, आणि यंत्रातील अंगभूत प्रशासकाचा क्रमांक नेहमी ५०० या आकड्यांनी संपतो, यावरून तो ओळखता येतो. आपल्या क्रमांकावर टिचकी मारलीस की उजव्या बाजूस 'प्रोफाइल इमेज पाथ' अशी ओळ दिसेल, आणि तिच्यासमोर तुझ्या फोल्डराचा पूर्ण पत्ता, त्या पाच वर्णांसह, लिहिलेला आढळेल. फायलींवरचे अधिकारसुद्धा याच क्रमांकाच्या नावे दिलेले असतात, म्हणून दर्शनी नाव बदलले तरी तुझ्या एकाही फायलीवरचा ताबा सुटत नाही. ही रचना ज्यांनी केली त्यांनी दूरदृष्टीने केली, असे माझे मत आहे.

आता तुझ्या बेताचे काय होईल ते पाहा. ज्या खात्यात तू बसली आहेस त्याचा फोल्डर वापरात असल्यामुळे विंडोज तुला नाव बदलू देणार नाही. मग कोणी तरी सांगेल की दुसऱ्या प्रशासक खात्यातून आत शिर आणि बदल; तसे केलेस तर फोल्डराचे नाव बदलेलही, परंतु नोंदवहीत जुनाच पत्ता राहील, आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी विंडोज त्या पत्त्यावर जाईल तेव्हा तेथे काहीच नसेल. अशा प्रसंगी ते बहुधा तात्पुरते प्रोफाइल उभे करून देते: मोकळा डेस्कटॉप, नाहीशी झालेली चिन्हे, आणि कोपऱ्यात एक लहानशी सूचना. या अवस्थेत घाबरून माणसे काम करीत राहतात, आणि तेथे जतन केलेले सारे बाहेर पडताच पुसले जाते. विवरणपत्रांची मुदत तोंडावर असताना हे घडले तर काय अनवस्था ओढवेल, हे तुला मी सांगावयास नको.

फोल्डराबरोबर नोंदवहीतील ओळही बदलली, तर प्रवेश सुरळीत होतो हे खरे. तथापि तेवढ्याने प्रकरण मिटत नाही, कारण जुन्या पत्त्याची नक्कल केवळ त्या एकाच ओळीत नसते. स्थापित केलेल्या प्रोग्रामांपैकी कित्येकजण आपल्या फायली तुझ्या फोल्डरातील 'ॲपडेटा' या लपलेल्या भागात ठेवतात आणि त्यांचा पूर्ण पत्ता आपल्यापाशी लिहून ठेवतात. डेस्कटॉपवरील शॉर्टकट, वनड्राइव्हचा फोल्डर, आउटलुकची टपालाची फाइल, वेळापत्रकाने आपोआप चालणारी कामे, या सर्वांच्या नोंदींत जुने नाव शिल्लक असू शकते. त्यांतले कोणते बंद पडेल हे आधी सांगता येत नाही, आणि काही तर आठवड्यांनी, ऐन निकडीच्या वेळी, आपला नकार कळवितात. म्हणूनच हा मार्ग पत्करणारे जाणकार लोक 'एमकेलिंक' या आज्ञेने जुन्या नावाचा एक जोड-पत्ता मागे ठेवतात, म्हणजे जुन्या नावाने येणारी विचारणा मुकाट नव्या फोल्डराकडे वळते. खुद्द मायक्रोसॉफ्टलाही हेच करावे लागले होते: एक्सपीच्या काळी सर्वांची खाती 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरात असत, २००७ साली व्हिस्टा आली तेव्हा त्याचे 'यूझर्स' झाले, आणि जुन्या प्रोग्रामांची वाट चुकू नये म्हणून पूर्वीच्या नावाचा जोड-पत्ता तसाच राखण्यात आला. ज्यांनी ही प्रणाली निर्माण केली त्यांना जुन्या नावाची तजवीज केल्यावाचून नवे नाव देता आले नाही, तेथे तू एका टिचकीवर भरवसा ठेवू नयेस.

तेव्हा माझा सल्ला असा आहे. तुझा लॅपटॉप नवा आहे, त्यावर प्रोग्राम थोडे आहेत, आणि कचेरीची कागदपत्रे अद्याप आटोपशीर आहेत. अशा स्थितीत जुन्या फोल्डराचे नाव बदलण्याच्या फंदात न पडता शुद्ध नावाचे एक नवे खाते उघडावे आणि बिऱ्हाड तिकडे हलवावे, हेच सर्वांत निर्धोक. सेटिंग्जमध्ये इतर वापरकर्त्यांच्या ठिकाणी नवे खाते जोडताना ई-मेलचा पत्ता देऊ नकोस. त्या व्यक्तीची माहिती आपल्यापाशी नाही असे सांगून मायक्रोसॉफ्टच्या खात्यावाचून, म्हणजे केवळ त्या यंत्रापुरते, खाते काढ, आणि त्यास तुला हवे ते पुरते नाव दे. फोल्डर त्या नावाने निर्माण होतो. पुढे त्याच खात्याला मायक्रोसॉफ्टचा ई-मेल जोडलास, तरी एकदा पडलेले फोल्डराचे नाव ढळत नाही. नव्या खात्याला प्रशासकाचे अधिकार देण्यास विसरू नकोस. मग जुन्या फोल्डरातून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि चित्रे एवढेच उचल. 'ॲपडेटा' सगळा उचलून नव्या घरात ओतण्याचा मोह धरू नकोस, आणि 'एनटीयूझर' या नावाच्या फायलीला हात लावू नकोस, कारण तीत जुन्या खात्याची सारी सेटिंग्ज असतात. ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड जुन्या खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात, ते फायलींबरोबर येणार नाहीत. आधी ते सिंक करून घे अथवा वहीत उतरवून ठेव. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाची चिंता नको. स्वाक्षरी टोकनातच राहते.

नावाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तुझा मराठीचा अभिमान मला ठाऊक आहे आणि प्रिय आहे. फोल्डराला देवनागरीत नाव देता येते. विंडोजची फाइल-व्यवस्था युनिकोड जाणते आणि तिला आपल्या लिपीचे वावडे नाही. परंतु बाहेरून घेतलेले काही जुने प्रोग्राम रोमनखेरीज अन्य अक्षरे अथवा मधली मोकळी जागा पत्त्यात आली की अडखळतात, आणि लेखापालाच्या धंद्यात जुने प्रोग्राम अनेक असतात. म्हणून फोल्डरास रोमन लिपीतील, मोकळी जागा नसलेले, आडनावाशिवायचे तुझे पुरते नाव दे. आणि स्वागताच्या पडद्यावरचे दर्शनी नाव मात्र खुशाल देवनागरीत, आईचे व वडिलांचे नाव घालून, जसे तुला शोभेल तसे लिही. रोज सकाळी तेच तुझ्यासमोर येणार आहे. आडनाव वगळण्यास सांगतो त्याचे कारण एवढेच की ते पुढे बदलावे की न बदलावे हा सर्वस्वी तुझा निर्णय राहील, आणि त्यासाठी ही सारी यातायात पुन्हा करावी लागू नये.

तुझ्या धाकट्या भावाने जुना लॅपटॉप घेतला असून त्यावर पूर्वीच्या मालकाचे नाव आहे, असे तू ओझरते लिहिले आहेस. त्याच्या बाबतीत नाव बदलण्याचा विचारच नको. परक्याच्या खात्यात परक्याचे दप्तर असते. यंत्र पूर्णपणे रिसेट करून सर्व पुसावे, आणि आरंभापासून स्वतःचे खाते काढावे, हे त्याला माझ्या वतीने निक्षून सांग.

आता रविवारचे. शनिवारी रात्री सर्व कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे, आणि त्या प्रतीतील दोन-चार फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. उघडल्याखेरीज प्रत झाली असे समजू नये. वनड्राइव्ह चालू असेल तर त्याचे काम पुरे झाले आहे याची खात्री कर. नवे खाते तयार झाल्यावर प्रिंटर, हिशेबाचा प्रोग्राम, विवरणपत्राची सोय आणि टोकन या चारही गोष्टी त्यातून एकदा चालवून पाहा. जुने खाते लगेच काढू नकोस. किमान एक तिमाही विवरणपत्र नव्या खात्यातून विनासायास दाखल होऊ दे, मग काढ. आणि कचेरीचा लॅपटॉप असेल तर त्यातील काहीही हलविण्यापूर्वी आपल्या वरिष्ठांची लेखी परवानगी घे, कारण त्यातील कागद अशिलांचे आहेत. अडचण आलीच तर दुपारी चारनंतर फोन कर, मी घरीच आहे. तुझ्या आईस आशीर्वाद सांग, आणि मिठागराकडच्या रस्त्याने येणार असलीस तर भरतीची वेळ पाहून ये.

तुझा,
मामा