फट आणि झरोका
(दारे-खिडक्यांच्या बंदिस्तीविषयी काही विचार)

व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्याची चर्चा निघाली म्हणजे भाव, कर, वाहतूक आणि उधारी या चार गोष्टींवाचून पाचवी गोष्ट सहसा कोणी काढीत नाही. या चारही गोष्टी महत्त्वाच्या आहेत हे खरेच. परंतु त्या बव्हंशी आपल्या हातच्या नसतात. जी गोष्ट सर्वस्वी आपल्या हातची आहे, जिला खर्च थोडा लागतो आणि जिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास माल, घर व प्रसंगी माणूसही धोक्यात येते, अशा एका क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाकडे सभासद बंधूंचे व त्यांच्या घरच्या मंडळींचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो विषय म्हणजे दारे-खिडक्यांच्या फटी.

धान्याच्या घाऊक व्यापारात आमची हयात गेली. बेळगावसारख्या, सह्याद्रीच्या माथ्यालगत वसलेल्या गावी मृगापासून पुढे चार महिने पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन येतो. आणि गोदामाच्या दाराला फट असेल तर ती मालकाच्या आधी त्या वाऱ्याला सापडते. या अनुभवावरून जे चार नियम आम्हांस उमगले, ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

फटी का पडतात?

लाकूड तोडले, कापले, त्याचे दार झाले, तरी हवेतील ओल शोषण्याचा व सोडण्याचा त्याचा स्वभाव जात नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मात्र हे फुगणे तंतूंच्या आडव्या दिशेने होते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. म्हणून उभ्या फळ्यांचे दार आषाढात रुंदीला वाढून चौकटीत अडकते, आणि तेच दार चैत्रात सैल होऊन खडखडू लागते. सागवान या बाबतीत पुष्कळ संयमी आहे. हलके लाकूड फार चळते.

यातून एक नित्याची चूक घडते. आषाढात दार अडकले की लगेच सुताराला बोलावून कडेवर रंधा मारून घेतात. दार त्या दिवशी सुरळीत लागते. पण होळीच्या सुमारास पाहावे तर तेथे बोट जाईल एवढी फट पडलेली असते. तासलेले लाकूड परत येत नाही. सबब, फुगलेल्या दाराला पावसाळ्यात रंधा लावू नये. दिवाळीनंतर ते सुकल्यावर मग काय तासायचे ते ठरवावे.

दार अतिरिक्त फुगण्याचे कारण बहुधा त्याच्या वरच्या व खालच्या कडेत असते. दर्शनी बाजूंना रंग देतात, पण ज्या कडा दिसत नाहीत त्या कोऱ्याच राहतात. आणि तेथे लाकडाच्या तंतूंची तोंडे उघडी असल्याने ओल सर्वांत वेगाने तेथूनच शिरते. दार बिजागऱ्यांवरून उतरवून या दोन्ही कडांना तेलरंगाचे दोन हात दिले, तर अर्धे दुखणे बरे होते.

लहान फटीचा मोठा हिशेब

आपण हिशेबी माणसे आहोत, तेव्हा हिशेबानेच पाहू. सात फूट उंच व साडेतीन फूट रुंद अशा दाराचा परीघ २१ फूट, म्हणजे २५२ इंच होतो. त्याच्या चारही बाजूंस केवळ एक अष्टमांश इंचाची फट आहे असे धरले, तर तिचे क्षेत्रफळ साडेएकतीस चौरस इंच भरते. म्हणजे भिंतीला साडेपाच इंचांहून अधिक लांब व तितकेच रुंद भोक पाडून ठेवल्यासारखे झाले. असे भोक भिंतीत दिसले तर आपण त्याच दिवशी गवंडी बोलावू. तेच दाराभोवती वाटले गेले म्हणून वर्षानुवर्षे चालवून घेतो.

या वाटेने तीन गोष्टी आत येतात. पहिली ओल. साठवणीच्या गव्हात ओल सुमारे १२ टक्क्यांच्या आत असावी. ती १४ टक्क्यांवर गेली, तर १०० क्विंटल गव्हाचे वजन १०२ क्विंटलांच्या वर भरते. या वाढलेल्या वजनाचा कोणी आनंद मानू नये. ते पाणी आहे. गिऱ्हाइकाला ते धान्याच्या भावाने देणे सचोटीत बसत नाही, आणि ठेवून दिले तर तेच पाणी बुरशी आणते. भुईमुगाच्या बाबतीत तर ही बुरशी यकृताला अपायकारक असे विष निर्माण करते, व ते भाजल्या-तळल्यानेही पुरते नाहीसे होत नाही.

दुसरी गोष्ट उंदीर. लहान उंदराला पाव इंचाची, म्हणजे शिसपेन्सिल जेमतेम जाईल एवढी वाट पुरते. तिसरी गोष्ट कीड. पुष्कळशी कीड पोत्यांतूनच येते, तिला दार बंद करून अडविता येत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ओल वाढली की सोंडे झपाट्याने वाढतात. आणि खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या तर भिंतीच्या व चौकटीच्या भेगांतच दडून, खाण्यावाचूनही दीर्घकाळ तग धरतात. गोदाम झाडून रिकामे केले, नवा माल भरला, तरी जुनी कीड कोठून उपजली याचे नवल वाटते. तिचे उत्तर या भेगांत असते.

पूर्वजांची बंदिस्ती

बंदिस्तीचे हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. शेतकऱ्याची कणगी शेणमातीने लिंपली जाई ती शोभेकरिता नव्हे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती, तेथे माल भरून तोंड पक्के बंद करीत. आत हवेचा पुरवठा तुटला की कीड आपोआप निष्प्रभ होई. मात्र पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आतली कोंदलेली हवा जाऊ देऊन, दिवा सोडून तो जळतो की विझतो हे पाहून मगच माणूस उतरे. २००५ च्या महापुरात तेथील अनेक पेवांत पाणी शिरून मोठी हानी झाली. या पेवांपासून दोन धडे घ्यावयाचे: बंदिस्ती अर्धवट असेल तर ती व्यर्थ आहे, आणि बंदिस्ती पुरी असेल तर तिच्यात माणसाने विचार न करता पाऊल टाकू नये.

फट शोधावी कशी?

भर दुपारी गोदामाची सर्व दारे-खिडक्या लावून आत पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की जेथून उजेड येतो तेथून सर्व काही येते असे समजावे. दार कोठे सैल आहे हे पाहण्यास कागदाची एक पट्टी चौकटीत धरून दार लावावे. पट्टी विनासायास ओढून काढता आली तर तेथे बंदिस्ती नाही. घरात उदबत्तीच्या धुरावरून वाऱ्याची वाट कळते. परंतु पोती व धान्याची धूळ असलेल्या गोदामात विस्तव नेऊ नये.

उपाय व त्यांचा क्रम

प्रथम बिजागऱ्या पाहाव्यात. दार झुकल्यामुळे पडलेली फट पट्ट्या ठोकून बुजविणे म्हणजे रोग सोडून लक्षणाला औषध देणे होय. स्क्रूची भोके सैल झाली असल्यास त्यांत सरस लावलेल्या लाकडी काड्या ठोकून स्क्रू पुन्हा आवळावेत.

नंतर चौकट व भिंत यांमधील सांधा. येथे नुसते सिमेंट भरले तर वर्षभरात पुन्हा चीर पडते, कारण लाकूड चळते आणि सिमेंट चळत नाही. सैल झालेला गिलावा खरवडून, धूळ झाडून, रुंद भेगेत आधी काथ्याची दोरी ठासून भरावी व वरून लवचीक राहणारे सिलिकोन किंवा तत्सम द्रव्य भरावे. हे काम कोरड्या दिवसांतच करावे. ओल्या वा धुळकट भिंतीला ते चिकटत नाही. फेसासारखे फुगणारे द्रव्यही हल्ली मिळते. ते सोयीचे आहे, पण उंदीर ते कुरतडतो, म्हणून जमिनीलगत त्याच्यापुढे तारेची जाळी हवी.

दार व चौकट यांमध्ये मात्र कठीण वस्तू कदापि भरू नये. पावसाळ्यात दार फुगले की तेच अडकेल. तेथे चौकटीच्या खाचेत रबराची पोकळ पट्टी बसवावी. चिंध्या किंवा बुरणूस गोदामात टाळावे, कारण त्यांत ओल धरते व अळ्या घर करतात. दोन झडपांच्या दारात मधल्या सांध्यावर एका झडपेला उभी लाकडी पट्टी असावीच.

दाराच्या तळाशी आपल्या वाडवडिलांनी उंच उंबरठा ठेविला होता. ठेच लागते म्हणून तो नव्या घरांतून गेला आणि त्याच्या जागी फट आली. जेथे उंबरठा करणे शक्य नाही तेथे दाराच्या तळाला रबरी झालर लावावी, बाहेरून पाणी दूर टाकणारी उतरती पट्टी बसवावी, आणि गोदामाच्या दाराला खालचा एक फूट भाग जस्ताच्या पत्र्याने मढवावा. लोखंडी शटर असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा व वरचा गुंडाळीचा भाग विसरू नये. उंदराची वाट बहुधा वरूनच असते. खिडकीच्या काचेभोवतीचे लुकण कोरडे होऊन गळाले असल्यास ते काढून नवे भरावे.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांविषयी एक सूचना. त्यांच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या अंगास लहान छिद्रे ठेवलेली असतात. ती दोष समजून पुष्कळजण बुजवितात. ती पाणी बाहेर जाण्यासाठीच आहेत. बुजविल्यास साचलेले पाणी घरात उतरते.

झरोका बुजवू नये

येथवर वाचून कोणी सर्व घर डबीसारखे बंद करावयास निघेल, तर तो या लेखाचा विपरीत अर्थ होईल. फट आणि झरोका यांत मूलतः भेद आहे. फट म्हणजे आपण न ठेवलेली, आपल्या ताब्यात नसलेली वाट. झरोका म्हणजे आपण विचाराने ठेवलेली व आपल्या इच्छेने उघडणारी-मिटणारी वाट. फटी बुजवावयाच्या त्या झरोक्याला अर्थ यावा म्हणून.

गोदामात कोरड्या दिवशी हवा खेळवावी, दमट दिवशी कोंडावी. दिवस कोणता हे ओळखण्यास ताटलीभर खडे मीठ दाराबाहेर, पावसाचा शिंतोडा लागणार नाही असे ठेवावे. मीठ ओलसर झाले, तर त्या हवेला आत घेऊ नये.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असल्यास तेथील झरोका एक दिवसही बंद असता कामा नये. खरे तर गिझर न्हाणीघराबाहेर असावा हेच उत्तम. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजण्याची रीत तर सर्वथा सोडावी. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठण्याची संधी देत नाही.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. आपल्या जुन्या पेठांतून खाली गोदाम व माडीवर बिऱ्हाड अशी रचना अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. धान्याला धुरी देण्यासाठी ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात, त्यांतील ३ ग्रॅमची एक गोळी सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हा वायू अत्यंत विषारी असून लाकडी तक्तपोशीच्या सांध्यांतून, जिन्याच्या दाराखालून, वायरीच्या नळीतून सहज वर जातो. जी फट ओलीला वाट देते तीच यालाही देते. शिवाय वायू गळून पातळ झाला की सर्व कीड मरत नाही. जी उरते ती औषधाला सरावते, आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. म्हणून ज्या गोदामावर किंवा ज्याला लागून माणसे राहतात तेथे ही धुरी देऊच नये. अन्यत्र द्यावयाची ती परवानाधारक, शिकलेल्या माणसांकडूनच, पुरत्या बंदिस्तीत द्यावी. घरच्या धान्याच्या डब्यात तर या गोळीला कधीही थारा देऊ नये. चार पोती वाचविण्याच्या नादात घरचे मूल गमावण्याची पाळी कोणावरही येऊ नये.

आपल्या आचारास अनुसरून

कीड मारण्यापेक्षा ती येऊच न देणे हा मार्ग आपल्या समाजाला विशेष जवळचा वाटावा. यत्नाचार म्हणजे हिंसेचा प्रसंगच टळेल अशी आधी घेतलेली काळजी. ज्या घरात पाणी गाळून घेतात, त्या घराला दारे-खिडक्यांची काळजी अवघड नाही. मात्र फट बुजविण्यापूर्वी आत कोणी जीव अडकत नाही ना, हे पाहावे. झरोक्यात चिमणीचे घरटे असेल तर पिले उडून जाईपर्यंत थांबावे व मग जाळी बसवावी. आठ-पंधरा दिवसांच्या विलंबाने व्यापार बुडत नाही.

वर्षाचा क्रम

दिवाळीनंतर दारांची तपासणी व लागल्यास रंधा. माघ-फाल्गुनात कडांना रंग व चौकटीचे सांधे. वैशाखात रबरी पट्ट्या, लुकण व जाळ्या. आणि मृग लागण्यापूर्वी अंधारात उभे राहून उजेडाची शेवटची पाहणी. एवढा क्रम प्रत्येक पेढीने आपल्या वहीत नोंदवून ठेवावा, आणि तो मुनिमावर न सोपविता घरच्या तरुणांनी स्वतः पाळावा. गोदाम ज्याला आतून ठाऊक आहे, त्यालाच मालाची किंमत कळते.

सर्व सभासद बंधूंच्या घरी व गोदामी पावसाळा सुखाचा जावो, ही प्रार्थना करून लेखणी ठेवितो.