क्लासचं पोर्टल, आडतीची पट्टी: क्लाउडचं बिल किती येतं?

लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात नीट-जेईईचा क्लास चालवायचा तर टेस्ट सिरीजचं पोर्टल आता लागतंच. मोंढ्यातल्या आडत्यालाही शेतकऱ्याची हिशोबपट्टी मोबाइलवर पाठवायची असते. ॲप बनवणारा गावातच मिळतो आणि त्याचे पैसे एकदाच द्यावे लागतात. ॲप ज्या सर्व्हरवर चालतं, त्याचं भाडं मात्र दर महिन्याला जातं. कोटेशनमध्ये त्याबद्दल बहुतेक वेळा ‘क्लाउड होस्टिंग, वार्षिक’ एवढीच एक ओळ असते. ती उलगडून मागा.

बहुतेक क्लासना आणि आडत दुकानांना ठरावीक भाड्याचा एक छोटा सर्व्हर पुरतो. वापराप्रमाणे धावणारं मीटर अशा धंद्याने घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. कोणत्या महिन्यात किती जाणार हे मालकाला आधी कळलं पाहिजे.

हिशोबासाठी डॉलर ९० रुपये धरू. डिजिटल ओशनच्या बंगळूर केंद्रात २ जीबी मेमरीचा सर्व्हर महिना १२ डॉलरला मिळतो. आठवड्याच्या बॅकअपला त्यावर २० टक्के, म्हणजे १४.४० डॉलर झाले. रुपयांत १,२९६, आणि १८ टक्के जीएसटी धरून साधारण १,५३०. कार्डावर परकीय चलनाचं शुल्क ३ टक्क्यांच्या आसपास लागलं, तर वर्षाचा खर्च १९ हजारांच्या जरा आत राहतो. ॲमेझॉनच्या लाइटसेलमध्ये मुंबई केंद्रावर तेवढ्याच मेमरीचा सर्व्हर १२ डॉलरलाच आहे. बॅकअपचे २-३ डॉलर वेगळे धरले तरी आकडा तिथेच येतो. मात्र ॲमेझॉन भारतातल्या कंपनीमार्फत रुपयांत बिल देतं, त्यामुळे हिशोबनीसाचं काम सोपं होतं.

इथे क्लास आणि आडत यांच्यात एक फरक पडतो. क्लासची जीएसटी नोंदणी असेल, तर हे १८ टक्के इनपुट क्रेडिटमध्ये वळते होतात. शेतमालाच्या आडतीची सेवा करमुक्त आहे, म्हणून आडत्याला ते क्रेडिट मिळत नाही. त्याने कर धरूनच दर तोलावा.

‘फुकटात बसवून देतो’ असं कोणी म्हणालं, तर कुठे ते विचारा. हेरोकूने फुकट योजना नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद केली. रेंडरचं फुकट ॲप १५ मिनिटं कोणी आलं नाही की झोपी जातं, आणि पुढच्या माणसाला ते जागं होईपर्यंत जवळपास मिनिटभर थांबावं लागतं. तिथला फुकटचा डेटाबेस ३० दिवसांत संपतो. पट्ट्यांचा हिशोब अशा जागी ठेवायचाच नाही. व्हर्सेलची फुकट योजना धंद्यासाठी नाही, सशुल्क योजना माणशी २० डॉलरपासून सुरू होते. क्लासची नुसती माहिती, फी आणि पत्ता दाखवणारी पानं असतील, तर क्लाउडफ्लेअर पेजेसवर ती खरोखर फुकट चालतात. तेवढ्यासाठी सर्व्हरचं भाडं भरू नका.

आता खरा खड्डा कुठे आहे ते पाहू. मोठ्या क्लाउडवर सर्व्हरपेक्षा बाहेर जाणारा डेटा महाग पडतो. ॲमेझॉनच्या ईसी-टू या मीटरवर चालणाऱ्या सर्व्हर सेवेत मुंबई केंद्रातून महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, त्यापुढे जीबीमागे सुमारे ०.१०९३ डॉलर. ८०० विद्यार्थ्यांनी महिन्यात प्रत्येकी ५ एमबीच्या १० प्रश्नपत्रिका उतरवल्या, तर ४० जीबी होतात, म्हणजे खर्च शून्य. त्याच ८०० जणांनी महिन्यात वीस-वीस तास लेक्चरचे व्हिडिओ पाहिले, तासाला अर्धा जीबी धरला, तर ८,००० जीबी होतात. त्याचं बिल ८६३ डॉलर, म्हणजे कर सोडून ७७ हजारांवर रुपये, आणि तेही एका महिन्याचं. डिजिटल ओशनच्या वरच्या सर्व्हरबरोबर २,००० जीबी येतात आणि पुढचा दर जीबीमागे १ सेंट आहे, म्हणून तिथे तोच जादा खर्च साधारण ५,४०० रुपये होतो. क्लाउडफ्लेअरच्या आर-टू साठवणीवर बाहेर जाणाऱ्या डेटाला पैसेच नाहीत. म्हणून लेक्चर आर-टूवर किंवा यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, आणि सर्व्हरवर फक्त परीक्षा, गुण नि फीचा हिशोब चालू द्या.

रविवारच्या टेस्टचा निकाल संध्याकाळी लागला, की विद्यार्थी नि पालक एकदम पोर्टलवर येतात. त्या गर्दीसाठी वर्षभर मोठा सर्व्हर ठेवण्याची गरज नाही. डिजिटल ओशनवर सर्व्हर बंद करून फक्त प्रोसेसर नि मेमरी वाढवता येते. काही मिनिटांचं काम आहे, ते सकाळीच उरकावं. ८ जीबीचा सर्व्हर महिना ४८ डॉलरचा, पण दोन दिवसांचे साडेतीन डॉलरही होत नाहीत, म्हणजे तीनशेच्या आसपास रुपये. वाढवताना डिस्कला हात लावायचा नाही, कारण डिस्क एकदा मोठी केली की परत छोटी होत नाही, आणि मग कायमचं मोठं भाडं बसतं.

सर्व्हर नुसता बंद ठेवला म्हणजे मीटर थांबलं, असंही नाही. डिजिटल ओशनवर बंद सर्व्हरचंही पूर्ण भाडं लागतं. ॲमेझॉनच्या ईसी-टूवर डिस्कचे पैसे चालूच राहतात, आणि सर्व्हरसाठी कायमचा सार्वजनिक आयपी पत्ता राखून ठेवला असेल, तर त्यालाही तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास रुपये लागतात. बजेट अलर्ट जरूर लावा, पण तो फक्त मेल पाठवतो. खर्च आपोआप थांबवत नाही.

पैशांइतकीच मोलाची गोष्ट खात्याच्या मालकीची. क्लाउडचं खातं मालकाच्या ईमेलवर उघडा, बिल मालकाच्या किंवा फर्मच्या कार्डावर येऊ द्या, डोमेनच्या नोंदीतही मालकाचंच नाव असू द्या. ॲप बनवणाऱ्याला त्या खात्यात वेगळा प्रवेश देता येतो. तो पुण्याला नोकरीला गेला, तर हा प्रवेश काढून दुसऱ्याला देता येतो. खातं त्याच्याच नावावर असेल, तर तीन वर्षांचे गुण आणि फीच्या पावत्या त्याच्या फोनची वाट पाहत बसतात. बॅकअपचंही तसंच. महिन्यातून एकदा डेटाबेसची प्रत दुकानातल्या संगणकावर उतरवून ती उघडते का, हे स्वतः पाहा. कोटेशनवर सही करण्याआधी सर्व्हरची मेमरी, केंद्राचं ठिकाण, डेटाची मर्यादा, बॅकअप आणि डोमेनच्या दुसऱ्या वर्षाचा दर एवढं त्यात लिहून घ्या. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेलं डोमेन नूतनीकरणाला बऱ्याचदा महाग होतं.