संदर्भाचा कायम पत्ता

कोणताहि लेखक जेव्हां एखादें विधान करितो, तेव्हां त्याचा आधार कोठें आहे हें सांगणें त्याचें कर्तव्य असतें. आधार सांगितल्यानें वाचकास तें विधान स्वतः पडताळून पाहतां येतें. परंतु सांगितलेल्या जागीं आधारच नसेल तर काय करावें? आज शोधनिबंध बहुधा इंटरनेटवर वाचले जातात, आणि तेथील पत्ते फार चंचल असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेले दुवे हार्वर्ड येथील अभ्यासकांनीं तपासले. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, त्यांपैकीं सुमारें निम्मे दुवे मूळ मजकुराकडे नेत नव्हते. न्यायाच्या कामांत ही स्थिति, तर इतरत्र काय सांगावें!

ह्या अडचणीवरील उपाय तत्त्वतः जुनाच आहे. बायबलाचा अध्याय व वचन, किंवा गीतेचा अध्याय व श्लोक सांगितला, म्हणजे प्रत कोणत्याहि छापखान्याची असो, ती जागा सांपडते. पृष्ठांक मात्र आवृत्तीगणिक बदलतो. सारांश, खूण ठिकाणास न चिकटवितां मजकुरास चिकटवावी.

ह्याच तत्त्वावर ‘डीओआय’ ही पद्धति रचलेली आहे. तिला २०१२ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. प्रत्येक डीओआयच्या आरंभीं १० हा आंकडा व टिंब असतें. त्यापुढें नोंदणी करणाऱ्याचा आंकडा, मग एक तिरपी रेघ, आणि शेवटीं त्या विशिष्ट लेखाची खूण. ह्या पद्धतीच्या स्वतःच्या मार्गदर्शक पुस्तकाचा क्रमांक १०.१०००/१८२ असा आहे. वाचकानें क्रमांक दिला कीं मध्यवर्ती नोंदवहींत त्यापुढें जो पत्ता लिहिलेला असेल, तेथें तो पोंचविला जातो. प्रकाशकानें आपलें संकेतस्थळ बदललें, तर नोंदवहींतील पत्ता तेवढा बदलावा. हजारों लेखांतील संदर्भांस हात लावावा लागत नाहीं. निबंधांची अशी नोंदणी करणारी ‘क्रॉसरेफ’ ही संस्था २००० सालीं, व संशोधनांतील आंकडेवारीची नोंदणी करणारी ‘डेटासाइट’ २००९ सालीं निघाली. डीओआय ज्या ‘हँडल’ पद्धतीवर उभा आहे, तिच्याच खुणा आपल्या विद्यापीठांचे प्रबंध सांठविणाऱ्या ‘शोधगंगा’ भांडारांतहि दिसतात. त्या १०६०३ ह्या आंकड्यानें सुरू होतात.

लेखाप्रमाणें लेखकासहि खूण हवी. ‘एस्. पाटील’ ह्या नांवाचे संशोधक किती असतील! शिवाय विवाहानंतर आडनांव बदललेल्या विदुषीचें पूर्वीचें काम दुसऱ्याच कोणाचें समजलें जाण्याचा संभव असतो. ह्यासाठीं २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा स्थानांचा क्रमांक मिळूं लागला. त्याचें शेवटचें स्थान पहिल्या पंधरांवरून गणितानें निघतें. म्हणून एक आंकडा चुकला तरी ती चूक उघडकीस येते.

आतां दुसरा प्रश्न. कोणत्या निबंधानें कोणाचा आधार घेतला, ह्याची माहिती कोणाच्या मालकीची? यूजीन गारफील्ड ह्यांनीं १९६४ सालीं ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध करून ह्या माहितीचें मोल जगास पटविलें. परंतु असा कोश वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांसच लाभे. लहान गांवच्या कॉलेजांतील अभ्यासकास, आपल्या विषयाचा धागा पुढें कोणीं नेला, हें पाहण्याची सोय नव्हती. एप्रिल २०१७ मध्यें संदर्भयाद्या खुल्या करण्याची चळवळ सुरू झाली. त्यापूर्वीं क्रॉसरेफकडे संदर्भांसह नोंदविलेल्या निबंधांपैकीं केवळ सुमारें १ टक्का निबंधांचे संदर्भ खुले होते. चळवळ जाहीर झाली त्या वेळीं तें प्रमाण ४० टक्क्यांवर पोंचलें होतें. पुढें जून २०२२ पासून क्रॉसरेफनें आपल्याकडील सर्व संदर्भ खुले केले. ज्या याद्या विद्वानांनींच श्रमानें तयार केल्या, त्या विद्वानांस मोकळ्या झाल्या, हें न्याय्यच झालें.

तथापि दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली ही कीं, क्रमांकाचें कायमपण आपोआप टिकत नाहीं. जानेवारी २०१५ मध्यें ‘डीओआय.ऑर्ग’ ह्या नांवाचें नूतनीकरण वेळेवर झालें नाहीं, आणि जगभर अनेक दुवे कांहीं काळ खोळंबले. प्रकाशकानें नवा पत्ता कळविण्यांत हयगय केली, तरीहि हाच परिणाम होतो. कायम क्रमांक हें दिलेलें वचन आहे, व तें कोणी तरी रोज पाळावें लागतें. दुसरी गोष्ट, क्रमांक असला म्हणजे निबंध खरा ठरत नाहीं. मागें घेतलेल्या निबंधाचाहि क्रमांक राहतो, व तो राहिलाच पाहिजे. कारण तो मागें घेतल्याची सूचना वाचकास तेथेंच मिळते.

आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्यांतून एवढें घ्यावें. निबंध लिहितांना ज्या लेखाचा आधार घ्याल, त्याचा डीओआय असल्यास पूर्ण लिहा, आणि तो उघडून खात्री करून घ्या. नसल्यास लेखक, ग्रंथ, प्रकाशनस्थळ, वर्ष, आवृत्ति व पृष्ठ नीट नोंदवा. न वाचलेल्या ग्रंथाचें नांव यादींत घालूं नका. तुमच्या मागून येणारा वाचक त्याच वाटेनें जाणार आहे. ती वाट त्यास सांपडेल अशी खूण करून ठेवणें, हें तुमचें काम होय.